मनोरा नाही, घंटा नाही: सुरुवातीची ख्रिस्ती उपासनागृहे खरोखर कशी होती

प्रश्न असा आहे: अगदी पहिल्या ख्रिस्ती लोकांची चर्चे कशी दिसत? ते भुयारांत लपून उपासना करत हे खरे आहे का? आणि त्या काळातली एखादी इमारत आज शिल्लक आहे का?

मी बरीच वर्षे स्थापत्याचा इतिहास शिकवतो आहे आणि रोमन काळातली घरे हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यामुळे मी उत्तर घराच्या नकाशावरून देणार आहे. थोडक्यात सांगायचे तर पहिली दोन-अडीचशे वर्षे ख्रिस्ती उपासनेच्या जागेला बाहेरून ओळखता येईल असे रूपच नव्हते. भुयारांची गोष्ट बहुतांशी चुकीची आहे. आणि हो, एक इमारत सापडली आहे, तीही भिंतीवरच्या चित्रांसकट.

वसईला किंवा जुन्या गोव्याला आपण जी चर्चे पाहतो ती पोर्तुगीज काळातली, म्हणजे येशूनंतर दीड हजार वर्षांनी उभी राहिलेली. ते चित्र मनात ठेवून मागे गेलो तर काहीच हाती लागत नाही. शोधायचे आहे ते वेगळेच: लोक एकत्र बसून जेवू शकतील अशी खोली, आणि पुढे बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे पाण्यात उतरून ख्रिस्ती समाजात प्रवेश घेण्याच्या विधीसाठी, पाण्याची सोय.

सर्वांत जुना पुरावा लेखी आहे आणि तो बायबलच्या नव्या करारातच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत विश्वासणारे ‘घरोघरी भाकर मोडत’ असे म्हटले आहे. पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या पत्रांतले नमस्कार वाचा. रोमकरांस पत्रात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम आहे, कलस्सैकरांस पत्रात नुंफेच्या घरच्या मंडळीला, आणि फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात त्याच्या घरी जमणाऱ्यांना. मंडळी म्हणजे माणसे, आणि ती कुणाच्या तरी घरी जमतात. त्या वेळी इमारतीला स्वतंत्र नाव द्यायची गरजच पडलेली दिसत नाही.

पण ‘घर’ म्हटल्यावर लगेच श्रीमंत रोमन वाडा डोळ्यांसमोर आणू नका. प्रिस्का आणि अक्विला राहुट्या बनवणारे कारागीर होते. अशी माणसे बहुधा रस्त्यालगतच्या दुकानात काम करत आणि माळ्यावर किंवा मागच्या खोलीत राहत. प्रेषितांच्या कृत्यांतला त्रोवस गावचा प्रसंग तर माडीवरचा आहे: रात्री उशिरापर्यंत पौल बोलतो आहे, खोलीत पुष्कळ दिवे आहेत, खिडकीत बसलेल्या युतुखाला झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. भाड्याच्या बहुमजली इमारतीत, खिडकीतही माणूस बसलेला अशी ही सभा. इफिस शहरात पौल तुरन्नाच्या पाठशाळेत रोज बोलत असे, म्हणजे शिकवणीची जागाही चालत होती. त्यामुळे ‘सगळे काही घरांतच झाले’ हे विधानही मला जरा सैल करावेसे वाटते. दुकान, कारखाना, भाड्याची माडी, शिकवणीची खोली, जिथे ओळखीच्या माणसाने दार उघडले तिथे सभा भरली.

या खोल्यांच्या आकाराचा उपासनेवर थेट परिणाम होत होता. रोमन पद्धतीच्या भोजनगृहात तीन बाजूंना आडवे होऊन जेवायची आसने असत आणि साधारण नऊ माणसे मावत. करिंथ शहरातल्या मंडळीवर पौल रागावतो, कारण प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणार्थ एकत्र जेवायला, जमल्यावर काही जण आधीच खाऊन घेतात आणि काही उपाशी राहतात. याची कारणे वृत्तीत आहेतच, पण घराचा नकाशा पाहिला की आणखी एक कारण दिसते. यजमानाचे मित्र आतल्या भोजनगृहात, आणि उशिरा कामावरून येणारे गुलाम-मजूर बाहेर चौकात. उच्चनीचता त्या वास्तूतच बांधलेली होती. पौल तिच्याशी भांडत होता असे मला वाटते.

देवळे का बांधली नाहीत, हे विचारणे साहजिक आहे. पैसा आणि कायदेशीर मान्यता नव्हती हे खरे, पण मुळात त्यांना देवळाचा उपयोगच नव्हता. ग्रीक-रोमन देऊळ म्हणजे देवमूर्तीचे निवासस्थान. बळी बाहेरच्या वेदीवर द्यायचा आणि लोक बाहेर उभे राहायचे. ख्रिस्ती लोकांकडे मूर्ती नव्हती, बळी नव्हता. त्यांना आत बसून वाचन ऐकायचे, प्रार्थना करायची आणि एकत्र जेवायचे होते. इ.स. 112 च्या सुमारास बिथुनिया या रोमन प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानात) अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजानला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी सूर्योदयापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि नंतर पुन्हा साध्या जेवणासाठी एकत्र येतात. पत्रात इमारतीचा उल्लेख नाही. पन्नासेक वर्षांनी रोममध्ये ख्रिस्ती शिक्षक जस्टिनवर खटला चालला तेव्हा न्यायाधीशाने विचारले, तुम्ही कुठे जमता? आपण एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहतो आणि ज्याला यायचे तो तिथे येतो, असे त्याने सांगितले.

आता ज्या जागेसाठी हे उत्तर लिहायला बसलो तिच्याकडे येतो: दुरा-युरोपोस.

हे सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी उंच कड्यावर वसलेले तटबंदीचे गाव. इ.स.पू. 300 च्या सुमारास ग्रीकांनी वसवले, मग इराणच्या पार्थियनांकडे गेले, इ.स. 165 मध्ये रोमनांनी घेतले आणि तिथे लष्करी छावणी बसवली. इ.स. 256 च्या सुमारास ससानी इराणी सैन्याने वेढा घातला. पश्चिमेचा तट सुरुंगाने ढासळू नये म्हणून रोमन सैनिकांनी तटाला लागून असलेल्या रस्त्यावर आणि त्यालगतच्या घरांत माती भरून प्रचंड उतार तयार केला. शहर तरीही पडले आणि पुन्हा वसले नाही. मातीत गाडलेली घरे मात्र चित्रांसकट टिकली. 1920 मध्ये ब्रिटिश सैन्याची तुकडी तिथे खणत असताना पहिली भित्तिचित्रे उघडी पडली. 1928 पासून येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांनी पद्धतशीर उत्खनन केले आणि 1931–32 च्या हंगामात क्लार्क हॉपकिन्स यांच्या देखरेखीखाली तटाजवळच्या एका घरात ख्रिस्ती चित्रे सापडली.

घर अगदी सामान्य आहे. मधे चौक, भोवती खोल्या, रस्त्यावरून आत येताना थेट चौक दिसू नये असा वळणाचा प्रवेश. दुरातली बहुतेक घरे अशीच आहेत, आणि आपल्याकडे चौसोपी वाडा पाहिलेल्या माणसाला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. गिलाव्यात कोरलेल्या एका ओळीवरून इ.स. 232–33 हे वर्ष मिळते. त्यानंतर काही वर्षांतच मंडळीने घरात फेरफार केले. दक्षिणेकडच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे 13 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद अशी एक सलग खोली केली, जमीन भरून वर घेतली आणि पूर्वेच्या टोकाला वीतभर उंचीचा छोटा चौथरा बांधला. तिथे बहुधा बिशप, म्हणजे मंडळीचा प्रमुख, बसत असावा किंवा वाचणारा उभा राहत असावा. दाटीवाटीने पासष्ट-सत्तर माणसे बसतील एवढी ही जागा. बाहेरच्या भिंतीवर काही केले नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते घरच दिसत होते.

या मोठ्या खोलीत एकही ख्रिस्ती चित्र नाही. उलट जुन्या मालकाच्या वेळची बॅकस या मद्यदेवतेशी संबंधित नक्षीची पट्टी भिंतीवर तशीच राहू दिली. ज्या खोलीत दर आठवड्याला प्रभुभोजन व्हायचे, तिच्या भिंतीवर दुसऱ्याच देवाच्या उत्सवाची वाद्ये होती, आणि भिंत पाडायला हात लावणाऱ्या मंडळीला ती खरवडून काढावीशी वाटली नाही. विद्यार्थ्यांना मी हा तपशील आवर्जून सांगतो, कारण सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांविषयी आपल्या मनात असलेली कडवेपणाची कल्पना इथे टिकत नाही. त्यांच्या दृष्टीने पवित्र होती ती तिथली कृती. भिंतींकडे त्यांनी त्या नजरेने पाहिले नव्हते.

सगळा रंग आणि सगळा खर्च वायव्येच्या लहान खोलीत केला आहे, कारण ती बाप्तिस्म्याची खोली. पश्चिमेच्या भिंतीशी बांधीव कुंड आहे, साधारण दीड मीटर लांब आणि जेमतेम मीटरभर खोल. त्यात पोहरा-बादलीने भरलेल्या पाण्यात माणूस उभा राहू शकेल, पूर्ण आडवा होऊ शकणार नाही. कुंडावर खांबांचे छत आहे, खांबांना संगमरवरासारखा रंग दिला आहे आणि छताच्या आतल्या बाजूला निळ्या आकाशात तारे रंगवले आहेत. पाण्यात उतरणाऱ्याने वर पाहिले की रात्रीचे आकाश दिसावे अशी योजना.

कुंडामागच्या कमानीत उत्तम मेंढपाळ, म्हणजे त्या रूपातला येशू, आहे, खांद्यावर मेंढा घेतलेला, समोर कळप. त्याच्या पायाशी नंतर कोणीतरी लहान आकारात आदाम आणि हव्वा काढली आहेत. पाप कुठून सुरू झाले आणि सुटका कुणाकडे, हे एकाच चौकटीत. उत्तरेच्या भिंतीवर वरच्या पट्टीत येशू पक्षाघाती माणसाला बरे करतो आहे. तो माणूस आधी खाटेवर पडलेला, मग तीच खाट पाठीवर टाकून निघालेला. शेजारी येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालताना बुडू लागला आहे. इथला येशू दाढी नसलेला, आखूड केसांचा तरुण आहे. येशूच्या आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ही चित्रे आहेत. दक्षिणेच्या भिंतीवर दावीद आणि गल्याथ आहेत, आणि विहिरीवर वाकून दोर ओढणारी एक स्त्री. ती शोमरोनी स्त्री, म्हणजे येशू विहिरीवर जिच्याशी बोलला ती, असे बराच काळ मानले गेले. अलीकडे काही अभ्यासक म्हणतात की ती पाणी भरताना देवदूताचा आवाज ऐकून मागे पाहणारी येशूची आई मरिया आहे. चित्रात तिच्यासोबत येशू दिसत नाही, म्हणून हा तर्क मला विचार करण्याजोगा वाटतो.

सर्वांत मोठे चित्र खालच्या पट्टीत आहे: हातात मशाली घेतलेल्या स्त्रिया एका भल्यामोठ्या पांढऱ्या वास्तूकडे रांगेने चालल्या आहेत. ती येशूची कबर असेल तर या पुनरुत्थानाच्या सकाळी आलेल्या स्त्रिया. ते लग्नघर असेल तर या दिवे घेऊन वराला भेटायला निघालेल्या कुमारी. वाद मिटलेला नाही. पण वास्तुशास्त्रज्ञ म्हणून मला दिसते ते असे: रांग कुंडाच्या दिशेने चालते, आणि बाप्तिस्मा घ्यायला आलेली व्यक्तीही त्याच दिशेने चालत असणार. हातात दिवा असलेल्या त्या माणसाला भिंतीवरच्या स्त्रिया आपल्याबरोबर चालताहेत असे वाटले असेल. खोलीचा नकाशा आणि चित्रांचा क्रम एकमेकांना धरून आहेत.

याच रस्त्यावर, थोड्या अंतरावर, यहुद्यांचे सभास्थान सापडले. तेही मुळात घरच होते, आणि इ.स. 244–45 मध्ये मोठे करून चारही भिंती शास्त्रातल्या प्रसंगांनी रंगवलेले. सैनिकांचे मिथ्रदेवाचे मंदिरसुद्धा घरातच सुरू झाले. म्हणजे घराचे उपासनास्थान करणे ही फक्त ख्रिस्ती लोकांची युक्ती नव्हती. ज्याला शहराच्या मुख्य देवळांत जागा नव्हती, असा प्रत्येक गट हेच करत होता. आणि छावणीच्या गावात, तटाला लागून, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर भिंती पाडणारी मंडळी लपलेली होती असे म्हणता येत नाही.

अशा खोलीत लोक कसे बसत याचे वर्णन तिसऱ्या शतकातल्या सीरियातच लिहिल्या गेलेल्या नियमांत मिळते. बिशप आणि वडील पूर्वेकडे, मग पुरुष, मग स्त्रिया, आणि प्रार्थनेला सर्वांनी पूर्वेकडे तोंड करायचे. त्यातच बिशपला एक आज्ञा आहे: गरीब म्हातारा माणूस आला आणि जागा नसेल तर त्याला जागा करून दे, मग तुला स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल. करिंथच्या भोजनगृहातला प्रश्न दोनशे वर्षांनीही सुटलेला नव्हता, पण आता त्यावर नियम झाला होता.

इस्राएलमध्ये मगिद्दोजवळ 2005 मध्ये तुरुंगाच्या आवारात उत्खनन करताना रोमन काळातल्या इमारतीतली मोझेकची, म्हणजे रंगीत खड्यांच्या नक्षीची, जमीन सापडली. उत्खनन करणाऱ्यांच्या मते ती इ.स. 230 च्या सुमारासची, म्हणजे दुराच्या बरोबरीची. काही तज्ज्ञ ती थोडी नंतरची मानतात. जमिनीवर मासे आहेत, खर्च करणाऱ्या गायानस नावाच्या रोमन शतपतीचे नाव आहे, आणि एका स्त्रीचे: देवप्रिय अकेप्तूस हिने ‘देव येशू ख्रिस्त’ याच्या स्मरणार्थ मेज अर्पण केले. दान म्हणून मेज दिले गेले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुन्हा जेवणच.

भुयारांविषयी. रोमच्या भूमिगत दफनभूमी तटाबाहेर मुख्य रस्त्यांलगत आहेत. त्या सर्वांना माहीत होत्या, मार्ग अरुंद, हवा कोंदट, तिथे मंडळीची नियमित उपासना शक्यच नव्हती. मृतांच्या स्मरणदिनी नातेवाईक जमत, कबरीपाशी जेवत, प्रार्थना करत. लपून राहिलेल्या मंडळीची रम्य कथा फार नंतरची आहे. इस्राएलमधल्या कफर्णहूम गावचे ‘पेत्राचे घर’ हे त्याहून गुंतागुंतीचे प्रकरण. पाचव्या शतकातल्या अष्टकोनी चर्चखाली एक जुनी खोली आहे, तिला गिलावा केला होता आणि त्यावर यात्रेकरूंच्या ओळी कोरलेल्या आहेत. जागेचा मान जुना आहे हे नक्की, पण ती पहिल्या शतकापासून उपासनेची खोली होती हे त्यावरून सिद्ध होत नाही. रोममधल्या अनेक चर्चांखाली जुनी घरे आहेत हेही खरे. सान क्लेमेंतेमध्ये बाराव्या शतकातल्या चर्चखाली चौथ्या शतकातले आणि त्याखाली पहिल्या शतकातली इमारत दिसते. मार्गदर्शक तिथे ‘घरातले चर्च’ दाखवतात, पण त्या सर्वांत खालच्या थरात ठळक दिसते ते मिथ्रदेवाचे मंदिर आहे.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र बदलू लागते. इ.स. 260 नंतर सम्राट गॅलिएनसने ख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागा परत दिल्या. इ.स. 272 च्या सुमारास अंत्युखिया शहरात पदच्युत बिशप समोसाताचा पौल (पत्रे लिहिणारा पौल वेगळा) मंडळीचे घर सोडेना, तेव्हा प्रकरण थेट सम्राट ऑरेलियनपुढे गेले. रोम आणि इटलीचे बिशप ज्याला मानतात त्याला घर द्या, असा निकाल त्याने दिला. मंडळीची मालमत्ता आहे हे सरकारला माहीत होते आणि मान्यही होते. इतिहासकार युसेबियस सांगतो की या शांततेच्या काळात जुन्या जागा पुरेनात, म्हणून शहरोशहरी पायापासून नवी प्रशस्त चर्चे उभी राहिली. सम्राट डायोक्लेशनच्या राजधानीतले, म्हणजे निकोमेदियातले, चर्च तर राजवाड्यातून दिसत असे. 23 फेब्रुवारी 303 रोजी डायोक्लेशनच्या सैनिकांनी ते पाडून छळाला सुरुवात केली.

त्या छळामुळेच आपल्याला एका उपासनागृहाच्या आतल्या सामानाची यादी मिळाली आहे. 19 मे 303 रोजी सिर्ता शहरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीनमध्ये, अधिकारी ख्रिस्ती लोक जमत त्या घरात शिरले. बिशप समोर बसलेला, आणि लेखनिकाने एकेक वस्तू लिहून घेतली. सोन्याचे 2 प्याले, चांदीचे 6 प्याले, चांदीचे 7 दिवे, साखळ्यांचे 11 कांस्यदिवे. त्यानंतर 82 बायकांचे अंगरखे, 38 ओढण्या, 16 पुरुषांचे अंगरखे, बायकांच्या पायताणांचे 47 जोड. ग्रंथालयातली कपाटे रिकामी निघाली. भोजनगृहात मोठे रांजण होते. प्याले आणि दिवे उपासनेचे, कपडे बहुधा गरीब स्त्रियांना वाटण्यासाठी, रांजण अन्नधान्याचे. इतका कोरडा सरकारी पंचनामा वाचताना मंडळीचे आठवड्याचे काम डोळ्यांपुढे उभे राहते. वाचन, भोजन आणि विधवा-गरिबांची सोय, हे सगळे एकाच छताखाली.

यानंतर दहा वर्षांत सगळे उलटले. इ.स. 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली, जप्त जागा परत केल्या. कॉन्स्टंटाइनने रोममध्ये लॅटरनला जे चर्च बांधले त्यासाठी त्याने देवळाचा आराखडा घेतला नाही. न्यायनिवाडे आणि व्यवहार चालत त्या सार्वजनिक सभागृहाचा, बॅसिलिकेचा आराखडा घेतला: लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल. कारण तेच जुने, माणसांना आत मावले पाहिजे. पण दुरात सत्तर माणसे चौथऱ्यापासून हाताच्या अंतरावर होती. बॅसिलिकेत शेकडो लोक आणि बिशपमध्ये दालनाची पूर्ण लांबी आली, आणि एकत्र जेवणाची जागा वेदीवरच्या विधीने घेतली. भव्यता मिळाली हे खरे, तरी माझे मन त्या चौक असलेल्या घराकडेच ओढ घेते.

अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी मंडळींना दुराचे हे घर जवळ आहे. बाप्तिस्मा-खोलीची चित्रे भिंतीवरून काढून न्यू हेवनला येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात नेली आहेत. सभास्थानाची चित्रे दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. येलमधली चित्रे बरीच फिकट झाली आहेत, म्हणून जाण्यापूर्वी उत्खननाच्या वेळची छायाचित्रे पाहून घ्या, नाहीतर स्त्रियांची ती रांग नजरेतून सुटते. मूळ जागेची अवस्था वाईट आहे. 2011 नंतरच्या युद्धात चोरट्यांनी दुराच्या तटाच्या आत असंख्य खड्डे खणले आणि उपग्रहाच्या छायाचित्रांत ती जमीन चाळणीसारखी दिसते. गावाचा मोठा भाग तोवर उत्खनन न झालेला होता. तिथे दुसरे एखादे असे घर असेलच, तर ते शोधण्याची संधी त्या खड्ड्यांबरोबर बरीच कमी झाली आहे.